फाइल गायब, सर्व्हर उठेना: पोस्टग्रेसचा फक्त स्टार्टअपपुरता रिव्ह्यू

डेटाबेसचे रिव्ह्यू वाचले की सगळीकडे तेच असतं, सेकंदाला किती क्वेरी मारतो, रेप्लिकेशन कसं आहे, जेसन चालतं का, लायसन्स काय. पण इतकी वर्षं हे काम करताना ज्या रात्री माझ्या लक्षात राहिल्यात त्यातली एकही स्पीडची नव्हती. सर्व्हर बंद पडला किंवा आपणच कामासाठी बंद केला, परत चालू करायला गेलो आणि तो उठेचना, कारण कुठलीतरी एक फाइल नाहीतर एखादा फोल्डर जागेवर नाही, अशाच सगळ्या. म्हणून हा रिव्ह्यू तेवढ्याच गोष्टीचा आहे. फाइल गायब असताना पोस्टग्रेस हा डेटाबेस सुरू होताना काय करतं, काय स्पष्ट सांगतं, काय पुरेसं सांगत नाही, आणि तुलनेला मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर हे दुसरे डेटाबेस थोडे थोडे.

माझं मत आधीच सांगते म्हणजे वाट बघायला नको. फाइल नसताना जो डेटाबेस सुरू व्हायला नकार देतो आणि कुठली फाइल नाही तिचं नाव सांगतो तो चांगला. जो गुपचूप नवीन फाइल बनवून "मी तयार आहे" म्हणतो तो धोक्याचा. न उठणाऱ्या सर्व्हरचा आपल्याला राग येतो, मलाही येतो, पण बहुतेक वेळा तो न उठून आपला डेटाच वाचवत असतो.

आता प्रसंग. पोस्टग्रेस १६, डेटा जुन्या डिस्कवरून नव्या मोठ्या डिस्कवर न्यायचा होता. सर्व्हर व्यवस्थित बंद केला, आमच्याकडची एक जुनी बॅकअपची स्क्रिप्ट होती तिनेच सगळं टार केलं, म्हणजे एका फाइलीत बांधलं, नव्या जागी उलगडलं, कॉन्फिगमध्ये नवा रस्ता दिला आणि स्टार्ट. पडला. सिस्टमडीने, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामने, नेहमीचं तेच सांगितलं की सर्व्हिस फेल झाली, जर्नल बघा. लॉग उघडला तर पहिली तक्रार परवानगीची, डेटा डिरेक्टरीची परवानगी चुकीची आहे, ०७०० किंवा ०७५० हवी. बरोबरच होतं, टार उलगडताना फोल्डर नेहमीच्या परवानगीने बनले होते. ती सुधारली, परत स्टार्ट, परत पडला, आणि या वेळी ओळ होती: फेटल (म्हणजे सर्व्हर थांबतोच अशी चूक), कुड नॉट ओपन डिरेक्टरी "पीजी_नोटिफाय", नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. फोल्डर बनवला, मालक पोस्टग्रेस केला, परत स्टार्ट. आता "पीजी_रेप्लस्लॉट" नाही म्हणे. तोही बनवला. एक बनवला की पुढचा, असा खेळ सुरू झाला आणि मी ठरवलं की सगळ्याच फोल्डरांची यादी घेऊन जे जे नाही ते एकदम बनवून टाकू, कारण रात्रीचे दोन वाजले होते आणि सकाळी लोक कामावर येणार होते.

आमच्या टीममधले एक सीनियर कॉलवर होते, ते म्हणाले, "अगं थांब. जे बनवतेयस ते जुन्या डिस्कवर खरंच रिकामं होतं का ते बघितलंस?"

नव्हतं बघितलं. बघितलं तेव्हा कळलं की आमची स्क्रिप्ट फक्त फाइली शोधायची आणि त्या टारमध्ये भरायची, फोल्डर नाही आणि सिमलिंकही (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद) नाही. त्यामुळे जे फोल्डर रिकामे होते ते आलेच नाहीत, इथपर्यंत ठीक आहे, पण पीजी_टीबीएलएसपीसी हा फोल्डर रिकामा नव्हता, त्यात एक सिमलिंक होती, रिपोर्टिंगच्या मोठ्या टेबलांसाठी आधीच्या कोणीतरी दुसऱ्या डिस्कवर केलेली टेबलस्पेस, म्हणजे टेबलं ठेवायची वेगळी जागा. सिमलिंक म्हणजे फाइल नव्हे, म्हणून ती गळली, आणि तिच्याबरोबर फोल्डरही गळला. मी तो रिकामा बनवला असता तर सर्व्हर उठला असता, लॉगिन झालं असतं, सगळ्यांनी शाबासकी दिली असती, आणि सकाळी पहिला रिपोर्ट काढायला कोणी बसलं असतं तेव्हा "कुड नॉट ओपन फाइल" आलं असतं. आणि तोपर्यंत नव्या सर्व्हरवर नवीन डेटा लिहिला गेलेला, म्हणजे जुन्या डिस्कवर परत जायचं तरी अडचण.

मग आम्ही ते सगळं नवीन उलगडलेलं पुसलं, आरसिंक या कॉपीच्या टूलने मालकी, परवानग्या, सिमलिंक सगळ्यासकट परत कॉपी केली, आणि पहिल्या स्टार्टला सर्व्हर उठला. जुनी डिस्क कोणी पुसली नव्हती म्हणून हे शक्य झालं, हे मात्र लक्षात ठेवा.

तर या प्रसंगात पोस्टग्रेसला मी किती मार्क देते? नाव सांगितलं, रस्ता सांगितला, कारण सांगितलं, आणि थांबलं. याबद्दल पूर्ण मार्क. लॉगमध्ये फेटलची ओळ कधीच गोलमाल नसते, इतकी वर्षं बघतेय, नो सच फाइल म्हणजे खरंच फाइल नाही आणि परमिशन डिनाइड म्हणजे खरंच परवानगी नाही. पण दोन तक्रारी आहेत आणि त्या मनापासून आहेत. एक म्हणजे एका वेळी एकच गायब फोल्डर सांगतं. डेटा डिरेक्टरीत काय काय असायलाच हवं हे त्याला पक्कं माहीत असतं, मग सुरुवातीलाच सगळं तपासून एकदम यादी का देत नाही? ती यादी मिळाली असती तर दहा फोल्डर एकदम गायब बघून मला तिथेच कळलं असतं की कॉपीच चुकलीय, एकेक सांगितल्यामुळे वाटत राहिलं की फक्त एवढाच राहिलाय. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. पीजी_टीबीएलएसपीसी नाही हे पोस्टग्रेसने लॉगमध्ये लिहिलं होतं, पण फेटल म्हणून नाही, साध्या "लॉग" पातळीची ओळ म्हणून, दुसऱ्या ओळींमध्ये मिसळलेली. त्या वेळी माझं सगळं लक्ष फेटलवर, आणि खरी धोक्याची गोष्ट तिच्या वरच होती. म्हणून आता मी फेटलची ओळ सापडली तरी तिच्या आधीच्या वीस-तीस ओळी वाचल्याशिवाय हात लावत नाही, आणि तुम्हीही लावू नका.

कुठले फोल्डर रिकामे बनवले तर चालतात हा प्रश्न मला नेहमी विचारतात म्हणून इथे सविस्तर लिहिते. पीजी_नोटिफायमध्ये लिसन-नोटिफायची, म्हणजे कनेक्शन एकमेकांना पाठवतात त्या निरोपांची, रांग असते, ती रीस्टार्टला तशीही साफ होते, तो रिकामा चालतो. पीजी_स्नॅपशॉट्स चालतो. पीजी_रेप्लस्लॉट चालतो, पण फक्त तुमच्याकडे रेप्लिकेशन स्लॉट (मागच्या सर्व्हरला डेटा कुठपर्यंत पोचला याची नोंद) नव्हते तर, असतील तर ते गेले आणि मागचा स्टँडबाय (तयार ठेवलेला कॉपी-सर्व्हर) किंवा लॉजिकल सबस्क्रायबर (बदल ओढून घेणारा दुसरा सर्व्हर) अडकणार. पीजी_ट्वोफेज चालतो, पण प्रिपेअर केलेलं, म्हणजे कमिटची वाट बघणारं, एखादं ट्रान्झॅक्शन लटकलेलं असेल तर ते गेलं. पीजी_टीबीएलएसपीसीचं वर सांगितलंच. आणि पीजी_एक्सअॅक्ट, पीजी_मल्टीएक्सअॅक्ट, पीजी_वॉल, ग्लोबल, बेस हे कधीही, म्हणजे कधीही रिकामे बनवायचे नाहीत. पीजी_एक्सअॅक्टमध्ये कुठलं ट्रान्झॅक्शन कमिट झालं आणि कुठलं रद्द झालं याची नोंद असते, ती गेली की टेबलातला रेकॉर्ड खरा की खोटा हे ठरवायलाच काही उरत नाही. पीजी_वॉल, म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे नोंदला जातो तो फोल्डर, त्याच्या बाबतीत पोस्टग्रेस स्वतःच शहाणपणा दाखवतं, आतला आर्काइव्ह_स्टेटस फोल्डर नसेल तर तो स्वतः बनवून घेतं आणि तसं लॉगमध्ये लिहितं, पण पीजी_वॉल हाच नसेल तर सरळ फेटल, "रिक्वायर्ड वॉल डिरेक्टरी डज नॉट एक्झिस्ट". काय आपण बनवायचं आणि काय नाही यातला हा फरक त्यांनी विचार करून ठेवलाय आणि मला तो फार आवडतो.

पीजी_वॉलवरून आठवलं. आवृत्ती १० च्या आधी याच फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं आणि पीजी_एक्सअॅक्टचं नाव पीजी_क्लॉग. नावात लॉग. डिस्क भरली की माणूस काय करतो, जुने लॉग उडवतो. लोकांनी हे फोल्डर उडवले आणि डेटाबेस गमावले. २०१७ साली आवृत्ती १० आली तेव्हा दोन्ही नावं बदलली, खऱ्या लॉगच्या फोल्डरचं डिफॉल्ट नावही पीजी_लॉग होतं ते नुसतं लॉग केलं, आणि ज्यांच्या स्क्रिप्ट तुटल्या ते चिडले, पण मी म्हणते हा त्या आवृत्तीतला सगळ्यात माणुसकीचा बदल होता. वापरणारा चुकतो म्हणून त्याला दोष न देता ज्या नावामुळे तो चुकतो ते नाव बदलायचं, असं किती प्रॉडक्ट करतात?

तरीही वॉलच्या फाइली उडवल्या जातातच. १६ एमबीच्या एकसारख्या फाइली, नावं म्हणजे नुसते आकडे आणि काही अक्षरं, डिस्क ९९ टक्के, आणि कोणीतरी "जुन्या दिसतायत" म्हणून काढतं. मग स्टार्ट केलं की पॅनिक, "कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड", म्हणजे वॉल कुठून वाचायला घ्यायचा ती नोंदच सापडत नाही. इथे शोधाशोध केली की पहिलं उत्तर मिळतं पीजी_रिसेटवॉल चालवा, आणि ते चालवलं की सर्व्हर उठतो, म्हणून सगळे खुश. कृपा करून तसं करू नका. ते टूल डेटा दुरुस्त करत नाही, फक्त वॉल फेकून देऊन कंट्रोल फाइलमध्ये नवीन सुरुवात लिहितं, अर्धवट ट्रान्झॅक्शन टेबलात तशीच राहतात, इंडेक्स आणि टेबल जुळत नाहीत, आणि हे लगेच दिसत नाही. आधी बॅकअप आहे का बघा. वॉल आर्काइव्ह होत असेल, म्हणजे दुसरीकडे कॉपी होत असेल, तर गायब फाइल तिथून मिळते. स्टँडबाय असेल तर तो वर घ्या, म्हणजे मुख्य सर्व्हर करा. यातलं काहीच नसेल तरच, आणि तेही अख्ख्या डेटा डिरेक्टरीची कॉपी बाजूला ठेवून, आधी ड्राय रन (खरं काही न बदलणारी चाचणी) करून काय बदलणार ते बघून, मग चालवा, आणि उठल्या उठल्या डंप (सगळा डेटा बाहेर काढलेली फाइल) काढून नव्या क्लस्टरमध्ये (नव्याने बनवलेल्या डेटा डिरेक्टरीत) भरा. रिसेट केलेल्या क्लस्टरवर पुढे काम चालू ठेवायचं नाही, डॉक्युमेंटेशनमध्येही हेच लिहिलंय.

बॅकअप_लेबल नावाची छोटी फाइलही अशीच फसवते. बॅकअपवरून रिस्टोअर करताना सर्व्हर अडला की हिंटमध्ये दोन गोष्टी येतात, बॅकअपवरून आणत असाल तर रिकव्हरी.सिग्नल फाइल ठेवा, नसाल तर बॅकअप_लेबल काढून बघा. घाईत माणूस दुसरीच वाचतो कारण ती सोपी आहे. त्याच हिंटमध्ये पुढे इशारा आहे की बॅकअपवरून आणताना ही फाइल काढलीत तर क्लस्टर करप्ट होईल. ही हिंट मला पूर्ण स्टॅकमधली सगळ्यात चांगली लिहिलेली एरर वाटते, फक्त ती शेवटपर्यंत वाचली पाहिजे.

डेटाच्या फाइली सोडून इतर फाइलींमुळे न उठणं हे तर जास्त वेळा होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काहीच नसतं, पण मेसेज सारखाच दिसतो म्हणून लोक हादरतात. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये एखाद्या एक्स्टेन्शनचं नाव आहे आणि अपग्रेडनंतर नव्या आवृत्तीसाठी ते पॅकेजच इन्स्टॉल केलेलं नाही, तर "कुड नॉट अॅक्सेस फाइल" आणि सर्व्हर आडवा. डेटाला काही झालेलं नसतं, पॅकेज टाका नाहीतर तात्पुरतं नाव काढा. सॉकेटचा, म्हणजे त्याच मशीनवरून जोडायच्या दाराचा, फोल्डर रन खाली असतो, तो मेमरीत असतो म्हणून मशीन रीबूट झालं की रिकामा, आणि कोणी सर्व्हर हाताने, सिस्टमडीला बाजूला ठेवून चालू केला तर तो फोल्डर बनवणारं कोणी नसतं, मग लॉक फाइल बनवता येत नाही अशी तक्रार. पीजी_एचबीए.कॉन्फ गायब असेल तरी उठत नाही, आणि ते बरोबर आहे, कोणाला आत घ्यायचं तेच माहीत नसेल तर दार उघडू नये. पोस्टमास्टर.पीआयडी, म्हणजे चालू सर्व्हरच्या प्रोसेसचा नंबर असलेली फाइल, तिचं उलटं आहे, ती असते म्हणून सर्व्हर उठत नाही. लोक ती डोळे मिटून उडवतात. आधी खरंच कुठली जुनी प्रोसेस चालू नाही ना ते बघा, कारण एकाच डेटावर दोन सर्व्हर चालले तर मग काही वाचत नाही. चालू सर्व्हरची ही फाइल उडवलीत तर तो थोड्या वेळात स्वतःहून बंद होतो, आणि तेही तुमच्याच भल्यासाठी.

लॉगमध्ये काहीच येत नसेल, कधीकधी लॉगचा फोल्डरच नसतो त्यामुळे लिहायलाच जागा नसते, तर सर्व्हर हाताने समोर चालवा, बॅकग्राउंडला नको, म्हणजे जे काही आहे ते स्क्रीनवर येतं. त्यानेही नाही कळलं तर एसट्रेस (प्रोग्राम सिस्टमकडे काय मागतो ते दाखवणारं टूल) लावून फक्त फाइल उघडण्याचे कॉल बघा, शेवटी जिथे ईएनओईएनटी (म्हणजे फाइल नाही) येऊन प्रोसेस मरते ती तुमची फाइल. पण मधले सगळे ईएनओईएनटी बघून दचकू नका, कुठलाही प्रोग्राम सुरू होताना डझनावारी जागी फाइल शोधतो आणि नाही मिळाली तर पुढे जातो.

आता जी गोष्ट मी सगळ्यांना सांगत फिरते ती. सर्व्हर आज उठत नाही म्हणजे फाइल आज गेली असं नाही. लिनक्सवर एखाद्या प्रोसेसने फाइल उघडून ठेवलेली असेल आणि तुम्ही ती डिलीट केली तर नुसतं नाव जातं, आतला मजकूर ती प्रोसेस सोडेपर्यंत डिस्कवर तसाच असतो. डेटाबेस आठवडेच्या आठवडे व्यवस्थित चालतो, क्वेरी चालतात, लोक खुश, आणि एक दिवस कर्नल अपडेटसाठी रीबूट होतो आणि उठत नाही, आणि सगळे अपडेटला शिव्या घालतात. म्हणून चालू सर्व्हरखालून फाइल उडवली गेल्याचं लक्षात आलं तर पहिली गोष्ट, सर्व्हर बंद करू नका, रीस्टार्ट तर अजिबात नको. एलएसओएफ या उघड्या फाइली दाखवणाऱ्या कमांडमध्ये त्या फाइलीपुढे "डिलीटेड" लिहिलेलं दिसतं, आणि प्रॉक या सिस्टमच्या फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरमधून ती फाइल कॉपी करून परत मिळवता येते. त्याआधी लिहिणं थांबवा, म्हणजे अॅप्लिकेशन बंद करा, डेटाबेस नाही. जमलं तर लगेच लॉजिकल डंप काढा. प्रोसेस गेली की मात्र ही वाट कायमची बंद. एका मैत्रिणीच्या ऑफिसात मायएसक्यूएलची आयबीडेटा१ ही मुख्य डेटा फाइल अशी परत मिळवलेली मी स्वतः बघितलीय, आणि ती फक्त एवढ्यामुळे वाचली की कोणालातरी "आधी रीस्टार्ट करून बघू" म्हणायचं सुचलं नाही.

मायएसक्यूएलबद्दल बोलायचं तर तिथे एरर वाचायची पद्धत थोडी वेगळी. एररकोड २ म्हणजे फाइल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, आणि पीएरर नावाच्या छोट्या टूलला आकडा दिला की तो अर्थ सांगतो. १३ आलं आणि परवानग्या तर सगळ्या बरोबर दिसतायत, तर अॅपआर्मर किंवा एसईलिनक्स हे लिनक्सचे वेगळे सुरक्षा-नियम बघा, डेटा नव्या जागी हलवल्यावर हमखास तेच असतं. बिनलॉगचा, म्हणजे बदलांच्या नोंदींच्या फाइलींचा, किस्सा तर इतका नेहमीचा: डिस्क भरली म्हणून कोणीतरी बिनलॉगच्या फाइली हाताने उडवल्या, पण इंडेक्स फाइलमध्ये त्यांची नावं तशीच, आणि शेवटची फाइल गायब असेल तर स्टार्ट होताना ती उघडायला जातो, मिळत नाही, "कान्ट इनिट टीसी लॉग", अबॉर्टिंग. इंडेक्स ही साधी टेक्स्ट फाइल आहे, तिची कॉपी ठेवून नसलेल्या नावांच्या ओळी काढल्या की उठतो, फक्त मागे रेप्लिका (कॉपी-सर्व्हर) असतील तर त्यांचं काय ते आधी बघा. मुळात बिनलॉग पर्ज करायची कमांड आहे, आणि ८.० पासून ते ३० दिवसांनी आपोआप जातात, हाताने उडवायची गरजच नाही. सिक्युअर_फाइल_प्रिव्ह या सेटिंगने सांगितलेला फोल्डर नाही म्हणूनही सर्व्हर उठत नाही, त्याचा डेटाशी काही संबंध नसतो, एक रिकामा फोल्डर बनवला की काम झालं.

पण माझी खरी नाराजी जुन्या आवृत्त्यांवर आहे. आयबीडेटा१ आणि आयबी_लॉगफाइल दोन्ही गायब असतील तर ५ च्या मालिकेतला सर्व्हर नवीन कोऱ्या फाइली बनवून सुरू व्हायचा. हिरवा सिग्नल. टेबलांची यादीही दिसते कारण एफआरएम फाइली (टेबलांची रचना) जागेवर असतात, आणि सिलेक्ट केलं की "डझन्ट एक्झिस्ट इन इंजिन". न उठणाऱ्या सर्व्हरपेक्षा हे कितीतरी वाईट, कारण माणूस समजतो की सुटलो, आणि मग त्याच्यावरच नवीन काम सुरू करतो. शिकणारी मुलं झॅम्प या तयार पॅकेजवर हे रोज भोगतात, "मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली" आलं की कोणीतरी सांगतं बॅकअप फोल्डर डेटावर कॉपी कर, आणि ते करताना जुन्या डेटा फोल्डरमधला आयबीडेटा१ परत आणायचा राहतो, आणि प्रोजेक्ट गेला. जुना डेटा फोल्डर पुसायचा नाही, नुसतं नाव बदलून ठेवायचं, आणि नव्यात आपल्या डेटाबेसचे फोल्डर आणि आयबीडेटा१ दोन्ही आणायचे. इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी ही जबरदस्तीने उठवायची सेटिंग १ ते ६ आहे, १ पासून एकेक वाढवत जा, ४ पासून पुढे डेटाचं कायमचं नुकसान होऊ शकतं, आणि उठला की फक्त डंप काढायचा.

ओरॅकलचं मात्र कौतुक करायलाच हवं. स्टार्टअप तीन पायऱ्यांत होतो आणि कुठल्या पायरीवर अडला यावरूनच कुठली फाइल गेली ते कळतं. नोमाउंटला अडला तर पॅरामीटर फाइल, माउंटला अडला, ओआरए-००२०५ आलं, तर कंट्रोल फाइल, ओपनला अडला आणि ओआरए-०११५७ आलं तर डेटाफाइल, आणि खालोखाल ओआरए-०१११० तिचं नावच सांगतं. कंट्रोल फाइल दोन-तीन जागी ठेवलेली असते म्हणून एक गेली तर दुसरीची कॉपी करून चालतं. माउंट झालेल्या अवस्थेत व्ही-डॉलर-रिकव्हर_फाइलला क्वेरी मारून कोणकोणत्या फाइलींना रिकव्हरी हवी ती यादी मिळते. मी पोस्टग्रेसकडे मागतेय ती यादी हीच. एसक्यूएल सर्व्हरवर मी कमी काम केलंय, पण एक नक्की सांगते, टेम्पडीबीच्या (तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसच्या) फाइली प्रत्येक स्टार्टला नव्या बनतात, त्यामुळे त्या गायब असणं हा प्रॉब्लेम नाही, त्या ज्या ड्राइव्हवर किंवा फोल्डरात बनायच्या तोच नसेल तर उठत नाही, मग मिनिमल कॉन्फिगरेशनमध्ये चालू करून रस्ता बदलायचा.

सगळ्यात शेवटी सगळ्यात भीतीदायक केस, ज्यात कुठलीच एरर येत नाही. डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे सिस्टमला जोडलीच गेली नाही. रीबूटनंतर माउंट पॉइंट म्हणजे नुसता रिकामा फोल्डर. साधं पोस्टग्रेस असेल तर ते म्हणतं ही डेटा डिरेक्टरी नाही, आणि थांबतं, उत्तम. पण कोणी स्टार्ट स्क्रिप्टमध्ये "रिकामं असेल तर इनिटडीबी कर" (म्हणजे नवा डेटाबेस बनव) लिहिलेलं असेल, किंवा डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची पद्धत) असेल, तर? डॉकरच्या अधिकृत पोस्टग्रेस इमेजला रिकामा व्हॉल्यूम (डेटा ठेवायची जागा) दिसला की ती नवा कोरा डेटाबेस बनवते, ते तिचं कामच आहे, आणि सगळं हिरवं दिसतं, फक्त टेबल एकही नाही. हे बघून हात थरथरतात, पण डेटा बहुतेक वेळा सुखरूप असतो, त्या न लागलेल्या डिस्कवर नाहीतर दुसऱ्या नावाच्या व्हॉल्यूमवर. १८ च्या इमेजमध्ये डेटाचा रस्ता बदलला आहे, त्यामुळे जुनी कंपोज फाइल (डॉकरची सेटिंग फाइल) तशीच ठेवून नुसता आकडा बदलू नका, आधी व्हॉल्यूम कुठे लागतोय ते बघा. आणि डेटा डिरेक्टरी कधी थेट माउंट पॉइंटवर ठेवू नका, एक पायरी आत ठेवा, म्हणजे डिस्क नसेल तर आतला फोल्डरच नसतो आणि सर्व्हर प्रामाणिकपणे अडतो. सिस्टमडीच्या युनिटमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर ही एक ओळ टाकली की डिस्क लागल्याशिवाय सर्व्हिस सुरूच होत नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

स्टार फक्त स्टार्टअपचे. ओरॅकलला पाच, पायऱ्यांसाठी. मायएसक्यूएल ८ ला साडेतीन, ५ च्या मालिकेला दोन, अजून वापरत असाल तर निदान त्या दोन फाइलींचा बॅकअप वेगळा ठेवा. पोस्टग्रेसला चार. आवृत्ती १८ पासून डेटा चेकसम (डेटा बिघडला का ते पकडणारे आकडे) डिफॉल्टनेच चालू असतात आणि १३ पासून पीजी_व्हेरिफायबॅकअप आहे, ज्याने बॅकअपमधली एखादी फाइल कमी असेल तर रिस्टोअर करायच्या आधीच कळतं, त्या रात्री आम्ही त्या जुन्या स्क्रिप्टऐवजी पीजी_बेसबॅकअप हे पोस्टग्रेसचं स्वतःचं टूल वापरलं असतं तर सिमलिंकसकट सगळं आलं असतं आणि तपासताही आलं असतं. ती स्क्रिप्ट आता आम्ही काढून टाकलीय. पाचवा स्टार गायब फोल्डरांची एकदम यादी देईल त्या आवृत्तीसाठी राखून ठेवलाय, आणि पीजी_टीबीएलएसपीसीची ओळ निदान वॉर्निंग तरी व्हावी.